धडधड चालू असतानाच ईसीजी काढा

मोहने, अटाळी, आंबिवली, वडवली, शहाड या पट्ट्यात राहणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. बसल्या जागी अचानक काळीज धडधडायला लागतं, पाच मिनिटं, अर्धा तास, कधी दोन-दोन तास तसंच चालतं, आणि जसं आलं तसं एका झटक्यात थांबतं, असं तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या बाबतीत होत असेल, तर ती धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर काढू नका, दुसऱ्या दिवशी सवडीने तर नकोच. असेल त्या कपड्यांवर निघा, जवळ ज्यांच्याकडे ईसीजीचं मशीन आहे तो दवाखाना गाठा आणि आधी ईसीजीची पट्टी काढायला सांगा. बाकीचं बोलणं नंतर.

एवढा आग्रह धरायचं कारण साधं आहे. या आजारात धडधड थांबली की हृदय पुन्हा अगदी नीट चालतं. मग बहुतेकांचा ईसीजी नॉर्मल येतो, इको नॉर्मल येतो, पट्ट्यावर चालवून घेतलेली टीएमटी नॉर्मल येते. रिपोर्टांची पिशवी भरते आणि डॉक्टर म्हणतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका. डॉक्टर खोटं बोलत नसतात, त्यांच्यापुढे आलेल्या कागदावर खरंच काही नसतं. पण तिथून पुढे त्या माणसाची वर्षं वाया जातात. कुणी गॅसच्या गोळ्या देतं, कुणी झोपेची गोळी, कुणी दृष्ट काढतं, कुणी बाहेरचं बघायला नेतं. बाई असेल तर "तिला सवयच आहे घाबरायची" हे ठरलेलं असतं. हृदयातल्या एव्ही नोड नावाच्या जागेतून उद्भवणारी ही धडधड पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळते, आणि नेमकं बायकांचंच बोलणं घरात आणि दवाखान्यात टेन्शनच्या खात्यावर टाकलं जातं. याचा मला मनापासून राग येतो, कारण या आजारावर इलाज आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो एकदाच करावा लागतो आणि मग रोजची गोळीही सुटते.

त्या इलाजाचं नाव कॅथेटर अॅब्लेशन. आरएफए असंही म्हणतात. तो काय आहे ते कळायला आधी बिघाड कुठे असतो ते बघू.

हृदयाला स्वतःची वीज असते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाची इवलीशी जागा आहे, तिथून ती उठते, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये वीज आरपार जाऊ न देणारं कडं असतं. त्यातून जायची वाट एकच, ती एव्ही नोडमधून. रेल्वेच्या फाटकावर गाड्यांना जरा थांबवून मग सोडतात, तसा हा एव्ही नोड प्रत्येक ठोक्याला क्षणभर अडवून मग खाली सोडतो. काही माणसांत जन्मतःच या फाटकाच्या शेजारी आणखी एक चोरवाट राहून गेलेली असते. वीज एका वाटेने खाली जाते आणि दुसरीने वर परतते, पुन्हा खाली, पुन्हा वर. हे रिंगण एकदा सुरू झालं की ठोके मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जातात, आणि रिंगण तुटेपर्यंत थांबत नाहीत. चोरवाट कड्यातून वेगळी गेलेली असेल तर त्यातला एक प्रकार डब्ल्यूपीडब्ल्यू. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी १९३० मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यांच्या नावांची ती आद्याक्षरं. वाट एव्ही नोडच्या आतच दुभंगलेली असेल तर त्याला एव्हीएनआरटी म्हणतात, आणि मोठ्या माणसांत तीच सर्वांत जास्त दिसते. दोन्ही मिळून एसव्हीटी. तुमच्या केसपेपरवर ही अक्षरं कधी लिहिलेली असतील तर तो कागद शोधून काढा.

आता ही धडधड ओळखायची कशी? घाबरल्यावर, ताप आल्यावर, जिना चढल्यावर ठोके वाढतात ते हळूहळू वाढतात आणि हळूहळूच उतरतात. एसव्हीटीचं तसं नाही. ती एका ठोक्याला सुरू होते आणि एका ठोक्याला बंद होते. अनेकांना सुरू झाल्याची नेमकी वेळ सांगता येते: हंडा उचलायला वाकले आणि लागली, चप्पल घालायला खाली झुकलो आणि लागली. वाकताना सुरू होणं हे फार सांगून जातं. मानेत, गळ्याच्या खळगीत ठोके उडताना जाणवतात. धडधड चालू असताना किंवा संपल्यावर भरपूर लघवीला होते, हेही अनेकांना होतं आणि ते या आजाराशी जोडलेलं आहे हे कुणाला सुचत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. सांगा.

नाडी मोजायला शिका. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. निवांत बसलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. खुर्चीत बसलेल्या माणसाची १७० भरली, किंवा इतक्या जलद आहे की मोजताच येत नाही, तर त्याला टेन्शन म्हणू नका. ठोके एका लयीत आहेत की वेडेवाकडे पडतात तेही बघा. पुढे त्याचा उपयोग होतो.

तरीही सगळी धडधड ही चोरवाटेची नसते, हेही तितकंच खरं. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या अंगात रक्त कमी असतं आणि नुसत्या त्यानेही छातीत धडधडतं. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधडतं, नुकत्याच झालेल्या तापाने धडधडतं. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं आणि मग एक जोरात पडणं हे धडधाकट माणसांनाही होतं. म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच या दोन तपासण्या सुरुवातीलाच करून घ्या. पैसे थोडे लागतात आणि अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

धडधड लागली की काय करायचं ते घरात सगळ्यांना माहीत हवं. आधी खाली बसा. मोटारसायकलवर असाल तर गाडी बाजूला घ्या, लोकलच्या दारात असाल तर आत सरका. छातीत दुखतंय, धाप लागलीय, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर काहीही प्रयोग न करता १०८ ला फोन लावा आणि जवळचं रुग्णालय गाठा. तसं काही नसेल, आणि डॉक्टरांनी आधी तपासून हा आजार एसव्हीटी आहे असं सांगितलं असेल, तर एक युक्ती आहे. १० मिलीची नवी सुई-विरहित सिरिंज घ्यायची, अर्धवट टेकून बसायचं आणि तिच्या तोंडातून आतला दट्ट्या सरकेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं. फुंकून होताच घरातल्याने पाठ लगेच आडवी टेकवायची आणि दोन्ही पाय उचलून १५ सेकंद वर धरायचे. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ४२८ रुग्णांवर याची तुलना झाली. नुसतं बसून फुंकणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांची लय जागेवर आली, तर लगेच आडवं करून पाय वर घेतलेल्यांपैकी ४३ टक्क्यांची. औषध नाही, खर्च नाही. आधी डॉक्टरांसमोर एकदा करून बघा, म्हणजे ऐन वेळी गोंधळ होणार नाही. मानेची शीर दाबायचा प्रयोग मात्र घरी कुणीही करू नका, वयस्क माणसाच्या बाबतीत तर अजिबात नाही. त्या शिरेत चरबी साचलेली असेल तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते.

पण थांबा. अजून एकदाही चालू धडधडीची पट्टी मिळालेली नसेल, आणि बाकी काही त्रास नसेल, तर युक्ती करण्याआधी ईसीजी काढा. धडधड थांबली की पुरावा गेला. म्हणून आजच, धडधड नसताना, चौकशी करून ठेवा: आपल्या भागात कोणत्या दवाखान्यात ईसीजी मशीन आहे, रात्री कोण उघडं असतं, रविवारी कुठे जायचं. मोहन्याच्या आतल्या भागातून रात्री अकराला रिक्षा मिळणं कठीण असतं, तेव्हा कुणाच्या गाडीने जायचं तेही ठरलेलं असू द्या. कल्याण पश्चिमेला पालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय आहे. तिथे किंवा कुठेही अपघात विभागात गेलात की पहिलं वाक्य हे बोला: "छातीत धडधड आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा." रांगेत बसून राहू नका.

डॉक्टर बहुधा शिरेतून अॅडिनोसीनचं इंजेक्शन देतील. ते दिल्यावर काही सेकंद छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, जीव जातोय असं वाटतं, आणि मग सुटतं. आधी माहीत असलं की माणूस धीराने घेतो. दमा असेल तर इंजेक्शनच्या आधीच सांगा. आणि इंजेक्शन देताना मशीन चालू ठेवून ती पट्टीही मागून घ्या. धडधड कशी तुटली हे त्या पट्टीत दिसतं, आणि पुढच्या डॉक्टरला त्यावरून चोरवाट कुठल्या प्रकारची असावी याचा अंदाज बांधता येतो.

त्या कागदाचं जतन कसं करायचं हे सविस्तर सांगतो, कारण इथे हमखास घोळ होतो. ईसीजीचा गुलाबी चौकटींचा कागद बहुतेक ठिकाणी उष्णतेने उमटणारा असतो. काही महिन्यांत रेघा फिक्या होतात, दोन-तीन वर्षांत कोरा कागद हातात राहतो. महत्त्वाचा आहे म्हणून कुणी तो लॅमिनेशन करायला नेला, तर मशीनच्या गरमीने तो तिथेच काळा पडतो आणि कायमचा जातो. प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराशेजारी दिव्याच्या उबेला, गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्याच दिवशी उजेडात, सावली न पडू देता, पूर्ण पट्टीचा फोटो काढा. वरची तारीख, वेळ आणि नाव त्यात आलं पाहिजे. फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर पाठवा. एक झेरॉक्स काढून फाइलला लावा. हातातल्या घड्याळात ईसीजीची सोय असेल तर तीही चालते, तोही फोटो डॉक्टरांना दाखवा. धडधड फारच थोडा वेळ टिकत असेल आणि दवाखाना गाठेपर्यंत थांबत असेल, तर डॉक्टर अंगावर सतत ईसीजी टिपणारं होल्टर लावतात, २४ तास किंवा त्याहून अधिक. महिन्यातून एकदाच होणारी धडधड २४ तासांच्या होल्टरमध्ये सापडली नाही म्हणून निराश होऊ नका. त्या एका दिवशी ती आली नाही एवढाच त्याचा अर्थ.

पट्टी मिळाली की दाखवायचं कुणाला? हृदयाच्या सगळ्याच डॉक्टरांचं हे काम नाही. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करणारे हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात. विजेचा बिघाड बघणाऱ्यांना इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात, थोडक्यात ईपीचे डॉक्टर. "तुमच्याकडे ईपी स्टडी आणि आरएफए होते का" असं सरळ विचारा. परळच्या केईएम रुग्णालयाच्या हृदयविकार विभागात ते होतं. आंबिवलीहून लोकलने दादर आणि तिथून परळ, एवढाच प्रवास. सकाळी लवकर निघा, ओपीडीचा केसपेपर काढायला रांग असते. ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांतही सोय आहे.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. "हृदयाचं ऑपरेशन" हे शब्द ऐकून घरात रडारड होते, म्हणून नीट ऐका. छाती उघडत नाहीत. आदल्या काही दिवसांत ठोक्यांची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद करतात, कारण चोरवाट जागी असावी लागते. स्वतःच्या मनाने मात्र ती बंद करायची नाही. सहा तास उपाशी ठेवतात. कॅथलॅबमध्ये टेबलावर सरळ झोपवतात. जांघेत भुलीचं इंजेक्शन देतात आणि तिथल्या शिरेतून तीन-चार बारीक, लवचीक तारा वर हृदयापर्यंत नेतात. माणूस बहुतेक वेळा जागा किंवा गुंगीत असतो. तारा आत फिरताना दुखत नाही. मग डॉक्टर तारेतून बारीक झटके देऊन मुद्दाम तुमची धडधड सुरू करतात. हा क्षण लोकांना घाबरवतो, आणि खरं तर इतकी वर्षं जे कुणाला दिसत नव्हतं ते पहिल्यांदा पडद्यावर दिसण्याचा तो क्षण आहे. वीज कुठून कुठे जाते हे मोजून चोरवाटेची जागा मिलिमीटरच्या हिशोबात शोधतात. यालाच ईपी स्टडी म्हणतात. जागा सापडली की तारेच्या टोकातून उष्णता देतात, साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअस. तेवढ्याने काही मिलिमीटरचा ठिपका निकामी होतो आणि वाट बंद होते. त्या वेळी छातीत जरासं भाजल्यासारखं वाटू शकतं. वाटलं तर बोला, पण हलू नका. शेवटी पुन्हा धडधड सुरू करून बघतात. झाली नाही की तारा काढून घेतात.

सगळं मिळून दोन-तीन तास. नंतर चार ते सहा तास तो पाय सरळ ठेवून पडून राहायचं, आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. जांघेत सुईचं छिद्र आणि थोडं काळंनिळं, एवढीच खूण.

हे सगळं एका रात्रीत आलेलं नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यविशारदाने एका मासेमाराची छाती उघडून अशी चोरवाट कापली, तेव्हा जगात पहिल्यांदा हा आजार मुळातून बरा झाला. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी छाती न उघडता तारेतून विजेचा झटका दिला, पण त्यात फाटकच जळायचं आणि पेसमेकर बसवावा लागायचा. पुढे झटक्याच्या जागी रेडिओ लहरींची मोजूनमापून दिलेली उष्णता आली. १९९१ मध्ये ओक्लाहोमाच्या वॉरन जॅकमन आणि सहकाऱ्यांनी १६६ रुग्णांचा अनुभव छापला. जवळजवळ सगळ्यांच्या चोरवाटा बंद झाल्या होत्या. तेव्हापासून तीस-पस्तीस वर्षं हा इलाज मुरलेला आहे. २००४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असताना टोनी ब्लेअर यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या फ्लटर नावाच्या बिघाडासाठी अॅब्लेशन करून घेतलं आणि थोड्याच दिवसांत ते कामावर हजर झाले.

यश किती? एव्हीएनआरटीमध्ये शंभरातल्या ९५हून जास्त जणांची धडधड एकाच खेपेत जाते. चोरवाट कुठे आहे त्यावर आकडा थोडा खाली-वर होतो, आणि काहींना ती परत येते. तेव्हा दुसऱ्यांदा करावं लागतं. धोकाही आहे आणि तो लपवून कुणाचं भलं होत नाही. जांघेत रक्त साकळणं सगळ्यांत जास्त दिसतं, ते बहुधा आपोआप जिरतं. उष्णता एव्ही नोडलाच लागली तर कायमचा पेसमेकर बसवावा लागू शकतो, एव्हीएनआरटीत हे शंभरात एकाहून कमी जणांना होतं. हृदयाभोवती रक्त जमणं, पक्षाघात हे त्याहून दुर्मीळ, पण घडू शकतं. सहीचा कागद पुढे येतो तेव्हा विचारा: माझी वाट एव्ही नोडच्या किती जवळ आहे? माझ्या बाबतीत पेसमेकरची शक्यता किती? तुम्ही अशा किती केल्या आहेत? मला थ्रीडी मॅपिंग, म्हणजे संगणकावर हृदयाचा नकाशा काढणं, खरंच लागणार आहे का? त्यात खर्च बराच वाढतो आणि साध्या एव्हीएनआरटीला ते लागतंच असं नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही.

वर्षातून एखाद्याच वेळी दोन मिनिटं धडधडतं आणि सिरिंज फुंकली की जातं, अशा माणसाने प्रक्रिया करून घेतलीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. त्याने डॉक्टरांशी बोलून थांबायला हरकत नाही. पण धडधड वारंवार येते, त्यात चक्कर येते, गोळ्या चालत नाहीत किंवा रोजची गोळी खायची नाही, गाडी चालवण्याचं किंवा उंचावर चढायचं काम आहे, तर दिवस ढकलू नका. डब्ल्यूपीडब्ल्यूचं वेगळं. त्यात धडधड नसतानाही ईसीजीवर खूण दिसते. नोकरीच्या, भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ती कधी अचानक सापडते आणि त्रास नाही म्हणून कागद कपाटात जातो. तो कपाटातून काढा आणि ईपीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यातल्या थोड्या लोकांना जिवाचा धोका असतो, आणि तो कुणाला हे तपासूनच कळतं.

मुलींच्या आईवडिलांशी दोन शब्द. लग्न ठरायचं आहे म्हणून मुलीची धडधड लपवून ठेवण्याची पद्धत मी जवळून पाहिली आहे. "हृदयाचा आजार" असा शब्द बाहेर गेला की स्थळं येणार नाहीत, म्हणून तपासणीच करायची नाही. मग लग्न होतं आणि दिवस राहतात. गरोदरपणात ही धडधड अनेकींना जास्त त्रास देते, आणि तेव्हा गोळ्या जपून द्याव्या लागतात, क्ष-किरणांखाली होणारी प्रक्रियाही शक्यतो टाळली जाते. तेच अॅब्लेशन लग्नाआधी केलं असतं तर मुलगी दोन दिवसांत मोकळी झाली असती आणि सांगायला आजारच उरला नसता. तुमच्या मुलीच्या हिताचं काय ते तुम्हीच ठरवा, पण पूर्ण माहिती घेऊन ठरवा.

साठी ओलांडलेल्यांचं बोलायला हवं. उतारवयात जी धडधड बहुधा दिसते ती एट्रियल फिब्रिलेशनची, एएफची. तिच्यात ठोके वेडेवाकडे पडतात, वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि आत रक्ताची गुठळी धरू शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमध्ये त्याचा धोका पाचपट असतो. म्हणून तिथे पहिली गरज रक्त पातळ करणाऱ्या गोळीची, अॅब्लेशन नंतर. लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झालेली असेल तर झडपेचा इलाज आधी. फ्रान्समधल्या बोर्डो इथे मिशेल हेसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बहुतेक ठिणग्या उठतात. तेव्हापासून त्या शिरांभोवती कडं करून अॅब्लेशन करतात. त्रास बराच कमी होतो, पण एसव्हीटीसारखी ९५ टक्क्यांची खात्री इथे नाही, आणि दुसऱ्यांदा करावं लागण्याची शक्यता जास्त. वजन, रक्तदाब, दारू आणि झोपेतलं घोरणं यांच्याकडे लक्ष दिलं नाही तर केलेलं काम टिकत नाही. अॅब्लेशन झालं म्हणून अॅसिट्रॉम किंवा तसली रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. पीटी-आयएनआर या रक्ततपासणीच्या तारखा पाळायच्याच.

मोहन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तिथून बाहेर पडलेले आपले काका-मामा आता याच वयात आहेत. व्हिस्कोस रेयॉन करताना कार्बन डायसल्फाइड वापरतात. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये रेयॉन कामगारांचा अभ्यास छापून आला, त्यात कातण खात्यातल्या कामगारांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू जास्त आढळले होते. म्हणून रेयॉनमध्ये कुठल्या खात्यात किती वर्षं होतो हे हृदयाच्या डॉक्टरांना जरूर सांगा. पूर्वी अटॅक येऊन गेला असेल तर हृदयावर व्रण राहतो, आणि त्या व्रणाभोवती फिरणारी धडधड खालच्या कप्प्यातली असते. ती जिवावर बेतणारी. तिथे सिरिंज फुंकत बसू नका, थेट रुग्णालय.

पैशांचं. खासगीत खर्च सहज लाखाच्या वर जातो. आधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. ही योजना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, आणि आता पिवळ्या-केशरी कार्डांपुरती राहिलेली नाही. आरोग्यमित्राला नेमकं विचारा: ईपी स्टडी आणि आरएफएचं पॅकेज या रुग्णालयाला आहे का, मंजुरीला किती दिवस, थ्रीडी लागलं तर वरचे पैसे कुणाचे. चौकशीचा फोन १५५३८८. कारखान्यात किंवा कंत्राटावर काम करत असाल आणि पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर आपल्या दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घेता येते. कंत्राटदाराने कार्ड दिलं नसेल तर पगाराच्या चिठ्ठीवरचा विमा क्रमांक दाखवून मागा.

अॅब्लेशन करून घरी आल्यावर आठवडाभर जड उचलायचं नाही: हंडा नाही, सिलिंडर नाही, किराण्याची पिशवीही नाही. उकिडवं बसणं टाळा. सकाळच्या गर्दीची लोकल आठवडाभर नको. रजेसाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. जांघेतून रक्त आलं तर आडवं होऊन त्या जागी जोरात दाबून धरा आणि डॉक्टरांना फोन करा. पहिल्या काही आठवड्यांत एखाद-दुसरा ठोका चुकल्यासारखा वाटतो, धडधड सुरू होणार असं वाटतं आणि होत नाही. ते बहुधा निवळतं. ताप, छातीत दुखणं, धाप, पायाला सूज यातलं काही झालं तर वाट न बघता परत दाखवा. आणि पहिली फेरतपासणी चुकवू नका, बरं वाटत असलं तरी.